निधी गोळा करणारं मूल आणि निधीसाठी पुढे केलेलं मूल

दारात उभी राहिल्यावर दोघंही सारखीच दिसतात. अंगावर शाळेचा गणवेश, हातात कुपनांचं पुस्तक नाहीतर झाकणाला चिकटपट्टी लावलेला डबा आणि तोंडपाठ केलेली दोन वाक्यं. पण एक मूल आपल्याला पटलेल्या कामासाठी मदत गोळा करत असतं. दुसऱ्याला कुणा मोठ्या माणसाने पुढे केलेलं असतं, कारण लहान मुलाला ‘नाही’ म्हणणं आपल्या जिवावर येतं. दोघांच्याही मागे एकच संस्था असू शकते आणि कारणही तितकंच चांगलं असू शकतं. त्यामुळे नुसतं कारण विचारून हा फरक कळत नाही. त्या मुलाच्या वाट्याला काय आलंय ते बघावं लागतं.

ठाण्यातल्या आमच्या पाचपाखाडीच्या इमारतीत थंडीच्या दिवसांत कुपनवाली मुलं येतात. एकदा चौथीतली एक मुलगी संध्याकाळी अंधार पडल्यावर एकटीच वर आली. ‘काकू, दहाची दोनच घ्या ना. वर्गात फक्त माझंच पुस्तक राहिलंय.’ पैसे कुणाला जाणार आहेत, असं विचारलं तर तिने कुपन उलटं करून मागचा मजकूर वाचायला सुरुवात केली. पुस्तक संपलं नाही तर उद्या वर्गात नाव वाचलं जाणार, हे मात्र तिला न वाचता सांगता आलं.

त्याच इमारतीतल्या मुलांनी जुलै २०२३ मध्ये, इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यानंतर, घरोघरची रद्दी गोळा केली होती. जिन्यात एक कॉलेजातली ताई बसायची आणि मुलं जोडीने मजले वाटून घ्यायची. रद्दीवाला आला तेव्हा आठवीतला एक मुलगा काट्यावर डोळे लावून उभा होता. ‘काका, पुठ्ठा वेगळा मोजा, त्याचा भाव वेगळा आहे ना?’ आलेल्या पैशांतून वह्या घ्यायच्या की रोख रक्कम द्यायची, यावर चांगला वाद झाला आणि शेवटी मुलांनी हात वर करून ठरवलं. एका मुलाला मधेच कंटाळा आला, तो खाली क्रिकेट खेळायला गेला. त्याला कुणी काही बोललं नाही.

मला विचाराल तर सगळा फरक या क्रिकेट खेळायला गेलेल्या मुलात आहे. ज्या मुलाला हातातला डबा खाली ठेवता येतो आणि ठेवल्यावर त्याचं काही बिघडत नाही, ते निधी गोळा करतंय. ज्याला तो ठेवता येत नाही, त्याला पुढे केलेलं आहे. मग ठेवू न देणारी वर्गातली यादी असो, ‘आपल्या शाळेची इज्जत’ असो, नाहीतर सर्वांत जास्त पैसे आणणाऱ्याला मिळणारं पदक असो. पदक वरवर निरुपद्रवी वाटतं, पण त्यात मुलाची कळकळ मोजली जात नाही, आईबापांच्या ओळखी मोजल्या जातात. हिरानंदानीतल्या मुलाचं पुस्तक बाबांच्या ऑफिसात एका दुपारी संपतं. किसननगरातली मुलगी तेवढ्यासाठी आठवडाभर दारं वाजवत फिरते, आणि उरलेली कुपनं शेवटी तिची आजीच पेन्शनमधून घेते. हे मला मनापासून टोचतं. ज्या घरात पैसा कमी, तिथलंच मूल मदतकार्यातून अपमान घेऊन घरी येतं.

मुलांनी निधी गोळा करूच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून तो पाळला जातो आणि महाराष्ट्रातल्या शाळांमधून पिढ्यान् पिढ्या मुलांनी छातीवर छोटा झेंडा लावून या निधीला हातभार लावला आहे. आपल्या दहा रुपयांचा कुणा जवानाच्या कुटुंबाशी संबंध आहे, हे ज्या मुलाला नीट समजावून सांगितलं जातं, ते मूल एक मोठी गोष्ट शिकतं. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेतही दोन्ही बाजू आहेत: मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे आणि शोषणापासून संरक्षणाचाही. पहिल्या हक्काचं नाव सांगून दुसरा बाजूला सारायचा, ही सवय मात्र आपण मोठ्यांनी सोडायला हवी. ‘मुलांनाच खूप उत्साह होता हो’ हे वाक्य आयोजकांच्या तोंडून आलं की मी आधी विचारते, मुलांना कामं निवडायला दिली होती का? पोस्टर रंगवणं, कपड्यांच्या घड्या करून साइजप्रमाणे खोक्यांवर लिहिणं, आनंदमेळाव्यात भेळेचा स्टॉल लावणं, हिशेबाची वही लिहिणं, ही सगळी कामं मदतीचीच आहेत. दारात जाऊन पैसे मागणं हे त्यातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी शिकवणारं काम. नेमकं तेच आपण सर्वांत लहान मुलांना देतो.

दारावरचा धोका काही लपलेला नाही. आता पंचवीस-तीस मजल्यांचे टॉवर आहेत, घोडबंदर रोडला, खारघरला, सीवूड्सला. लिफ्टमध्ये कोण आहे आणि बंद दरवाजामागे कोण आहे, ते खाली बसलेल्या वॉचमनलाही माहीत नसतं. ‘ये ना बाळा आत, पैसे आणते’ हे बहुतेक घरांत प्रेमानेच म्हटलं जातं. मुलाने मात्र ते कुठल्याच घरात ऐकायचं नाही, उंबऱ्याबाहेरच थांबायचं, हे निघण्यापूर्वी त्याच्याकडून म्हणवून घ्यायला हवं. जोडीशिवाय जायचं नाही, जिन्यात मोठं माणूस हवं, दिवेलागणीनंतर फिरायचं नाही. इंग्लंडमध्ये धर्मादाय कामासाठी घरोघरी फिरून पैसे गोळा करण्याच्या १९४७ च्या नियमांत, १६ वर्षांखालच्या व्यक्तीने हे काम करू नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्याकडे सोसायटीच्या समितीने असा नियम आपल्यापुरता केला तर कुणाची हरकत असणार? दारं फिरण्याऐवजी रविवारी सकाळी लॉबीत टेबल मांडावं. लोक तिथे येतात, मुलांचे पालक समोर असतात आणि ‘नको’ म्हणणारा माणूस मुलाच्या तोंडावर दार न लावता पुढे निघून जातो.

पैशांचं थोडक्यात सांगते. रोकड मुलाच्या खिशात राहू नये. डबा सीलबंद असावा, दोन मोठ्यांनी मिळून मोजावा, पावती संस्थेच्या नावाची असावी आणि क्यूआर कोडही संस्थेचाच असावा, कुणाच्या पप्पांचा नको. मोठी देणगी देणाऱ्यांनी तर मुलाला रोख देऊच नये. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलतही मिळत नाही. गल्लीतल्या बालगोपाळांच्या गणपतीची वर्गणी असली तरी तिचा हिशेब मोठ्यांच्या नावावर हवा.

आता पुढे केलेल्या मुलाचं टोकाचं रूप. तीन हात नाक्यावर सिग्नल लाल झाला की काचेवर टकटक होते, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. काही वेळा मुलाच्या हातात लॅमिनेट केलेला कागद असतो, त्यावर कुठल्याशा संस्थेचं नाव, आजारी भावाचा फोटो. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये भीक मागण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात सार्वजनिक जागी किंवा त्यासाठी खाजगी आवारात शिरून दान मागणं येतं, मग निमित्त काहीही सांगितलेलं असो. दान मिळवण्यासाठी जखम, व्यंग किंवा आजार उघडा करून दाखवणंही त्यातच मोडतं. भिकेसाठी मुलाचा वापर करणाऱ्याला कलम ७६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. मूल मात्र या कायद्यात गुन्हेगार नाही. त्याच्याकडे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक म्हणून पाहायचं असतं आणि त्याचं काय करायचं ते बालकल्याण समिती ठरवते. म्हणून त्याच्यावर खेकसू नये आणि त्याचा व्हिडिओ तर मुळीच काढू नये. १०९८ वर फोन करावा, तो मोफत आहे. याच तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांची सिग्नल शाळा चालते आहे, सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या आणि भीक मागणाऱ्या मुलांसाठीच. काचेतून दिलेल्या दहा रुपयांपेक्षा त्या वर्गाकडे वळलेली मदत मला जास्त खरी वाटते.

शाळेचं कुपन आणि सिग्नलवरचा हात मी एका पारड्यात टाकत नाही. एकीकडे अविचार असतो, दुसरीकडे गुन्हा. पण दोन्हीकडे युक्ती तीच आहे: मुलाचा चेहरा पाहून मोठ्यांचे खिसे उघडतात.

आणि हाच चेहरा आता रस्त्यावर न उतरताही कामाला लावला जातो. इथे सर्वांत जास्त गफलत आपल्यासारखी भली माणसंच करतात. बाळाचा पहिला वाढदिवस बालगृहात साजरा करायची पद्धत ठाण्यात, नवी मुंबईत चांगलीच रुजली आहे. केक कापला जातो, तिथली मुलं टाळ्या वाजवतात, आणि रात्री चाळीस फोटो ग्रुपवर पडतात, संस्थेच्या नावासकट. त्या फोटोंतल्या मुलांपैकी कुणाच्या आईबापांवर खटला चालू असेल, कुणी अत्याचारातून सुटून आलेलं असेल. अशा मुलांचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करायला बाल न्याय अधिनियमाच्याच कलम ७४ ने बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायदा बाजूला ठेवला तरी एवढं मनात आणा, की उद्या हीच मुलगी अकरावीला कॉलेजात जाईल आणि कुणीतरी वर्गात तिचा तो फोटो काढून दाखवेल. मदत मिळाली म्हणून तिला आयुष्यभर मदत घेणारी म्हणूनच ओळखलं जावं का?

उपचारांसाठी पैसे उभे करताना आईबापांची ओढाताण मी समजू शकते. नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो टाकला की देणग्या लवकर येतात, असं त्यांना सांगितलं जातं. तिथे त्यांना दोष देण्याची माझी हिंमत नाही. पण हॉस्पिटलचं अंदाजपत्रक, खात्याचा तपशील आणि डॉक्टरांचं पत्र एवढ्यावरही देणाऱ्यांनी द्यावं. फोटो मागणारे आपण आहोत. गोळा करणाऱ्या मुलांच्या बाबतीतही हेच पथ्य: नाव, इयत्ता, शाळा आणि चेहरा एका पोस्टमध्ये एकत्र नको, आणि पालकांची संमती लेखी हवी. ती घेतल्यावरही मुलाला वेगळं विचारावं. माझ्या भाचीने सरळ सांगितलं होतं, ‘मावशी, माझे फक्त हात येऊ देत, मी राखी बनवताना.’ तसाच फोटो काढला, आणि राख्या सगळ्या विकल्या गेल्या.

आपल्या मुलाच्या शाळेत यंदा काय होणार, हे जूनमधल्या पहिल्या पालकसभेत विचारून घ्या. कुपनं ऐच्छिक आहेत का, कोरं पुस्तक परत केलं तर चालेल का, वर्गात नावं वाचणार का, पैसे कुठे जाणार आणि त्याचा हिशेब मुलांना दाखवणार का. डिसेंबरात पुस्तकं दप्तरात आल्यावर विचारलं तर वर्गशिक्षिकेच्या हातातही फारसं काही उरलेलं नसतं. आकडा वरून ठरून आलेला असतो.