मोटर रेसिंगच्या लोकल रेडिओ शोचे होस्ट

गाड्यांच्या शर्यतींवर लोकल रेडिओवर दर आठवड्याला जो गप्पांचा कार्यक्रम लागतो, तो चालवणारी माणसं म्हणजे हे होस्ट. प्रकार मुळात अमेरिकेतला, तिथे गावोगावी छोटे ओव्हल म्हणजे लंबगोल ट्रॅक आहेत आणि शनिवारी रात्री शर्यती होतात. नागपूरकराला पटकन समजवायचं तर शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, माइकवाला आणि सकाळचा आरजे एकाच माणसात कोंबा, झाला होस्ट.

समालोचक वेगळा बरं का. तो शर्यत चालू असताना बोलतो, होस्टला मात्र शर्यत नसताना तासभर बोलायचं असतं, आणि तेच जास्त अवघड. बहुतेक वेळा जोडी असते, एक जण गाडीतला जाणकार, कधी जुना ड्रायव्हर नाहीतर मेकॅनिक, आणि दुसरा साधे प्रश्न विचारणारा. माझ्या मते शो हा दुसराच तारतो, नाहीतर दोन जाणकार आपसातच टायर प्रेशरवर बोलून राहिले आणि ऐकणाऱ्याने कधीच स्टेशन बदललं. मागच्या शनिवारी जिंकलेला फोनवर येतो, ज्याला त्याने धडक दिली तोही येतो, दोघंही तापलेले, आणि गाव लहान असल्यामुळे पुढच्या शनिवारी होस्टला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, दोघांनाही तोंड दाखवायचं असतं. त्यात कितीतरी होस्ट रेडिओचा स्लॉट स्वतःच विकत घेतात आणि गॅरेज, टायरवाले असे फिरून जाहिराती आणतात, मग ट्रॅकचा मालकच जाहिरातदार असला की तिथल्या खराब सेफ्टीवर बोलायचं कसं, हा प्रश्न आहेच.

रेडिओवरच्या शर्यतींतलं सगळ्यात मोठं नाव सिड कॉलिन्स, पण तो होस्ट नव्हे, समालोचक. इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेतली मोठी शर्यत, तिचं रेडिओ नेटवर्क १९५२ मध्ये सुरू झालं तेव्हापासून १९७६ पर्यंत मुख्य आवाज त्याचाच. ट्रॅक अडीच मैलांचा, फेऱ्या २००, एका माणसाला सगळं दिसणं शक्यच नाही, म्हणून वळणावळणावर वेगळा माणूस आणि माइक एकाकडून दुसऱ्याकडे. हल्ली एक फेरी चाळीसेक सेकंदांत होते, म्हणजे एका वळणावरच्या माणसाला जेमतेम दहा सेकंद! या शर्यतीचं 'द ग्रेटेस्ट स्पेक्टॅकल इन रेसिंग' हे गाजलेलं वाक्य तरी कशासाठी होतं, तर लोकल स्टेशनवाल्यांनी आता जाहिरात लावायची याची ती खूण होती. १९६४ ला दुसऱ्याच फेरीत मोठा अपघात झाला, एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे दोन ड्रायव्हर गेले, सॅक्स गेल्याचं कळल्यावर कॉलिन्सने हातात काही लिहिलेलं नसताना ऑन एअर श्रद्धांजली वाहिली, ती आजही लोक काढून ऐकतात. आणखी एक गंमत म्हणजे त्याच शहरात ही शर्यत टीव्हीवर लाइव्ह दाखवायची नाही असा नियम कित्येक वर्षं होता, तो २०१६ च्या शंभराव्या शर्यतीला तेवढ्यापुरता उठवला, तोवर गाववाल्यांना थेट ऐकायला रेडिओच.

आपल्याकडे रेडिओ होता, ट्रॅक नव्हता. नागपूर आकाशवाणी १९४८ ची, पुढे १००० किलोवॅटचा ट्रान्समीटरही इथलाच, पण खेळ म्हटलं की क्रिकेट. देशातले ट्रॅक चेन्नई-कोइम्बतूरकडे, आणि ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन वेटेल हा एकच ड्रायव्हर जिंकला, होस्टला बोलायला उरलं काय!

नियमाचाही भाग आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. सरकारच्या २०११ च्या एफएम धोरणात (फेज ३) खेळाची माहिती द्यायला मोकळीक मिळाली, लाइव्ह समालोचन मात्र नाही, फक्त स्थानिक स्वरूपाच्या खेळाचं चालू शकतं. म्हणजे नागपूरच्या एफएमवाल्याला फॉर्म्युला वनवर गप्पा मारता येतील, आणि थेट ऐकवायचंच असेल तर पटातली जोडी. पटावरची बंदी २०१४ ची, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली. धुरकरी म्हणजे जोडी हाकणारा कोण, बैल कुठल्या गावचे, किती सेकंदांत पार झाले, हे एका दमात सांगणारे लोक विदर्भात आहेतच, त्यांना स्टुडिओत बसवायचं तेवढं बाकी आहे.