चार इंजिनं, दहा माणसं आणि एक स्क्रीन

रात्री साडेदहाच्या सुमारास अमळनेर, भुसावळ आणि शिरपूर अशा तीन गावांतले तिघे जण आपापल्या घरी संगणकासमोर बसून ऑनलाइन खेळातल्या एकाच बी-17 या अमेरिकी बॉम्बर विमानात बसतात. एक जण विमान चालवतो, दुसरा शेपटीच्या मशीनगनवर, तिसरा पाठीवरच्या बुरुजात. पहिला अर्धा तास फारसं काही घडत नाही. बॉम्ब आणि इंधन भरलेलं हे विमान 20 हजार फुटांवर न्यायला तेवढा वेळ लागतोच, किंबहुना थोडा जास्तच. मग कधीतरी हेडफोनमध्ये अमळनेरकराची आरोळी येते, "मांगून उना रे भो!", म्हणजे शत्रूचं फायटर विमान मागून आलं, आणि शांतता संपते. त्या तिघांतला एक मी. चपळ फायटर सोडून या संथ धुडात का बसता, असं नवी मुलं नेहमी विचारतात. त्याचं उत्तर बरंच मागे जातं.

बी-17 पहिल्यांदा उडालं 28 जुलै 1935 रोजी. मोठं विमान उंचावरून आणि भरपूर बंदुका घेऊन गेलं, तर त्याला सोबतीला फायटर लागणार नाही, अशी तेव्हाची समजूत होती. पुढच्या बी-17 जी या प्रकारात 13 मशीनगन आणि 10 माणसं असत. तरीही दुसऱ्या महायुद्धात, 17 ऑगस्ट 1943 च्या जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट-रेगन्सबुर्ग मोहिमेत अमेरिकेने 60 बॉम्बर विमानं गमावली आणि 14 ऑक्टोबरला पुन्हा श्वाइनफुर्टवर आणखी 60. एकट्या बॉम्बरचा निभाव लागत नाही, म्हणून अमेरिकी हवाई अधिकारी कर्टिस लमे यांनी त्याआधीच घट्ट रचनेत, एकमेकांना बंदुकांचं संरक्षण देत उडण्याची पद्धत बसवली. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे 55,573 जण या युद्धात मेले. खाली हॅम्बुर्ग आणि ड्रेस्डेनसारखी शहरं जळली. आम्ही रात्री जे खेळतो त्याच्या मुळाशी हे आहे, आणि ते विसरून खेळू नये असं मला मनापासून वाटतं.

सिम्युलेटरचा, म्हणजे उड्डाणाची नक्कल करणाऱ्या यंत्राचा, उगम मात्र रणांगणावर झाला नाही, तो वाद्यांच्या कारखान्यात झाला. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात वाढला. आपल्याकडे भजनाच्या पेटीला जसा भाता असतो तसे भाते तिथे रोजच्या वापरात होते. त्याच भात्यांवर त्याने 1929 च्या सुमारास एक बुटकी लाकडी विमानाकृती बसवली. दांडा हलवला की भात्यांत हवा कमीजास्त होई आणि डबा झुके, वळे. 1934 मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपालाचं काम आलं, खराब हवेत एकामागून एक वैमानिक दगावले आणि मग लष्कराने लिंकची यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या निळ्या डब्यात बसून ढगांत उडायला शिकले.

डब्यात बसणारा एकटाच असे. अनेकांना एकाच आभाळात आणण्याचं श्रेय केस्माई कंपनीच्या 'एअर वॉरियर' या संगणकी खेळाला. 1988 मध्ये ते जिनी या ऑनलाइन सेवेवर सुरू झालं. लोक टेलिफोनच्या तारेवरून, तासाचे पैसे मोजून खेळत. चित्र म्हणजे चार रेषा, पण एकाने चालवलेल्या बॉम्बरमध्ये दुसऱ्याने गनर म्हणून बसायची सोय त्यात होती. माझ्या मते या छंदातली सगळ्यात मोठी झेप तीच. पुढे 1995 ला 'वॉरबर्ड्स' आणि 2000 ला 'एसेस हाय' आलं. 'एसेस हाय'मध्ये एकाच खेळाडूमागे आणखी दोन बॉम्बर आपोआप रचनेत उडतात. लमे यांची कल्पनाच ती, छोट्या प्रमाणात.

खरी कसोटी बॉम्ब टाकताना लागते. 20 हजार फुटांवरून सुटलेला बॉम्ब जमिनीवर पोचायला 35 सेकंदांहून जास्त घेतो. ताशी 400 किलोमीटर वेग असेल तर तो लक्ष्याच्या साडेतीन-चार किलोमीटर आधीच सोडावा लागतो. कार्ल नॉर्डन यांचं नेमयंत्र हाच हिशेब करत असे आणि ऑटोपायलटला जोडलेलं असल्याने शेवटच्या टप्प्यात विमान व्यवहारात बॉम्ब टाकणाऱ्याच्या हाती असे. सिम्युलेटरच्या खेळात आपण नेमयंत्राची फुली जमिनीवरच्या एखाद्या रस्त्याच्या वळणावर काही सेकंद धरून ठेवतो, त्यावरून जमिनीच्या हिशेबातला वेग निघतो. त्यानंतर थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्याला, हात लावायचा नाही, वळायचं नाही. मागून गोळ्या येत असल्या तरी नाही.

आणि नेमकं हेच खान्देशात आमच्या पथ्यावर पडलं. देशात इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 ला आलं, पण ते महानगरांत. आमच्याकडे घरी ब्रॉडबँड येईपर्यंत आणखी दहाएक वर्षं गेली. सर्व्हर परदेशात, पिंग, म्हणजे संदेश तिथे जाऊन परत यायला लागणारा वेळ, साडेतीनशे मिलिसेकंद. एवढ्या उशिराने फायटरची झुंज खेळताच येत नाही. शत्रू दिसतो तिथे तो नसतोच. बॉम्बरचं लक्ष्य मात्र जमिनीत रोवलेलं, ते कुठे पळणार? म्हणून आम्ही बॉम्बर धरला. त्यात भारनियमन. मे महिन्यात पारा 45 वर, पस्तीस मिनिटं चढून विमान लक्ष्याशी आणलं आणि लाइट गेली, हे मी इतक्यांदा अनुभवलं की शेवटी वडिलांनी इन्व्हर्टर घेऊन दिला. ते आयुध निर्माणीत नोकरीला होते. खेळातल्या मशीनगनचा कॅलिबर त्यांनी एकदा स्क्रीनकडे नुसतं पाहून सांगितला होता.

2001 च्या 'आयएल-2 स्टुर्मोविक' या खेळाने उड्डाण फार खरं केलं, पण त्या मालिकेत बी-17 दिसे, चालवता येत नसे. दहा जणांच्या दहा जागा हुबेहूब घडवणं सोपं नव्हे. 2012 पासूनच्या 'वॉर थंडर'मध्ये मात्र बी-17 आणि ब्रिटिशांचं लँकेस्टर बॉम्बर दोन्ही मिळतात.

कधीकधी आम्ही बी-24 लिबरेटर घेतो, कारण ते आपलंही विमान होतं. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला निकामी करून टाकलेली लिबरेटर विमानं बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि 1948 मध्ये भारतीय हवाई दलाचं 5 क्रमांकाचं स्क्वाड्रन त्यांवर उभं राहिलं. शेवटची लिबरेटर 1968 ला निवृत्त झाली. त्यांतलं एक दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. त्याचा लांब, अरुंद पंख पाहिला तेव्हा मला आधी आठवला तो स्क्रीनवर डाव्या खिडकीतून रोज दिसणारा पंख.