काचेचं टप आणि कॅरिअर : वजन नक्की कशावर बसतं?

हल्ली ज्याला बघावं त्याला पॅनोरॅमिक सनरूफवालीच, म्हणजे जवळपास अख्खं छत काचेचं असलेली गाडी हवी असते, आणि मग गावाला निघायची वेळ आली, डिकी भरली, की प्रश्न येतो की या काचेवर कॅरिअर बसेल का. ॲक्सेसरीवाला तर म्हणतोच "बसतं की, कालच बसवून दिलं". पण या प्रश्नाचं नीट उत्तर हवं असेल तर जरा मागे जायला लागतं, कारण टपावरचं वजन गाडीच्या कुठल्या भागावर टेकतं हे गेल्या पन्नासेक वर्षांत पूर्ण बदललंय.

ॲम्बेसेडर आणि कुर्ल्यात बनणारी पद्मिनी आठवा. दोन्हींच्या टपाच्या कडेने दरवाज्यांच्या वर पत्र्याची एक बारीक पन्हाळी असायची, पावसाचं पाणी दार उघडल्यावर आत येऊ नये म्हणून. टपाचा पत्रा आणि बाजूची बॉडी जिथे एकमेकांना वेल्ड केलेली तीच ही कड, म्हणजे अख्ख्या टपावरची सगळ्यात मजबूत जागा. कॅरिअरचे पाय त्या पन्हाळीत ठेवायचे, खालून आकडा अडकवायचा, नट आवळायचा, झालं काम. मुंबईच्या काळ्या-पिवळ्यांवर वर्षानुवर्षं ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या गेल्या त्या याच जोरावर, आणि ओम्नी, सुमो, बोलेरोपर्यंत हीच पद्धत चालली. टपाच्या मधल्या पत्र्यावर भार येतच नव्हता, त्यामुळे कुणाला विचार करायची गरजच पडली नाही. स्वीडनमधली थुले कंपनीसुद्धा याच काळातली, एरिक थुलिनने १९४२ साली सुरू केली तेव्हा मासे धरायचे सापळे विकायची, आणि १९६२ मध्ये पहिलं कॅरिअर आणलं.

मग १९७३ चं तेलसंकट आलं आणि पेट्रोल वाचवायच्या मागे सगळे लागले. हवेला अडणारी प्रत्येक कड घासून काढायची असं सुरू झालं. १९८२ ची ऑडी १०० घ्या, काचा बॉडीला समतल बसवल्या आणि हवेच्या अडथळ्याचा आकडा ०.३० पर्यंत खाली आणला, जो तेव्हा भन्नाट होता. बाहेर आलेली पन्हाळी यात जाणारच होती. हळूहळू टपाचा जोड आत एका खाचेत गेला आणि त्यावर रबराची किंवा प्लास्टिकची काळी पट्टी आली, तुमच्या आजच्या गाडीवर दिसते ना तीच.

इथून कॅरिअरवाल्यांची पंचाईत झाली. धरायला काही उरलंच नाही म्हणून तीन वाटा निघाल्या: दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेला आकडा अडकवणारे क्लॅम्प, त्या खाचेतच झाकणाखाली दिलेले कंपनीचे बोल्टपॉइंट, आणि टपाच्या दोन्ही बाजूंनी लांबलचक रेल. रेल म्हटली की लोक निर्धास्त होतात, पण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवरची रेल ही नुसती शोभेची असते, ती वजनासाठी नाहीच. खरी रेल असेल तर कंपनी तसं सांगते, उदा. २०१९ च्या ट्रायबरला रेनोने ५० किलोचा आकडा दिला होता.

आता काच. काचेचं छत ही काही आजची हौस नाही, १९५४ मध्ये फोर्डने स्कायलायनरच्या पुढच्या सीटवर हिरवट ॲक्रिलिकचा (म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा) तुकडा बसवला होता आणि उन्हात आत बसलेली माणसं उकडून निघायची. आपल्या पुण्यात बनलेल्या १९९१ च्या टाटा सिएरालाही मागच्या बाजूच्या काचा वर टपात वळवलेल्या होत्या, आजही ती गाडी बघताना तेच आधी डोळ्यात भरतं. पण अख्खं छत काचेचं हे सर्वसामान्यांच्या गाडीत आलं ते २००२ च्या प्यूजो ३०७ एसडब्ल्यूसारख्या फ्रेंच गाड्यांमुळे. आपल्याकडे २०१९ ची हेक्टर आणि २०२० ची क्रेटा आली आणि मग सनरूफ नसलेली एसयूव्ही विकणंच कठीण झालं.

काच किती सोसते? टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेच्या चाचणीत २२७ ग्रॅमचा पोलादी गोळा साधारण दोन मीटरवरून टाकतात, आणि काच फुटता कामा नये. २०१२ मध्ये ह्युंदाईने व्हेलोस्टरच्या १३,५०० च्या आसपास गाड्या छताची काच फुटायच्या धोक्यामुळे परत मागवल्या, आणि पुढे कोरियाच्या सरकारी चाचणी संस्थेने असा मुद्दा मांडला की काचेच्या कडेला भट्टीत भाजून बसवलेला जो काळा सिरॅमिक रंग असतो तिथे काच कमजोर होते. काचेवरची ही रंगाची पट्टी म्हणजे बरोब्बर तीच जागा जिच्याजवळ कॅरिअरचा पाय येतो! म्हणून मला हा विषय इतका महत्त्वाचा वाटतो.

आता जवळून बघा. काचेची कड आणि दार यांच्या मध्ये पत्र्याची जी पट्टी उरते ती मोठ्या काचेच्या गाडीत बोटभर रुंद असू शकते. साध्या टपासाठी बनवलेल्या क्लॅम्पचा रबरी पाय तिथे ठेवला तर त्याची आतली कड काचेवर चढते, वरून पटकन दिसतही नाही, आणि नट आवळला की ताण थेट काचेवर. म्हणूनच चांगल्या कॅरिअर कंपन्यांच्या यादीत एकाच मॉडेलच्या साध्या टपाच्या आणि काचेच्या टपाच्या गाडीसाठी नोंदी वेगवेगळ्या असतात आणि काही ठिकाणी काचेच्या टपासाठी चक्क "बसत नाही" असं लिहिलेलं असतं. तसं लिहिलं असेल तर विषय संपला, फॅब्रिकेटरकडून वेल्डिंग करून आणलेला जुगाड नको. बसत असेल तर पाय ठेवायच्या जागची धूळ आधी पुसा, कॅरिअरच्या दोन आडव्या बारमधलं अंतर सोबतच्या कागदात दिलंय तेवढंच ठेवा, चारही नट आधी हाताने लावून मग आलटून-पालटून आवळा, आणि थोडं अंतर गेल्यावर परत तपासा.

दुसरी गोष्ट सरकणाऱ्या काचेची. यातली बरीच छतं उघडताना वर उचलली जाऊन बाहेरून मागे सरकतात, म्हणजे सरळ बारच्या वाटेत. रेल उंच असेल तर फट दिसते खरी, पण सामान बांधलं की बार मध्ये थोडा लवतो. हेक्टर-क्रेटात तर नुसतं बोलूनही छत उघडतं, मागे बसलेल्या पोराने सहज म्हटलं तरी! बार लावलेत तोवर छत उघडायचं नाही हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

टेस्लाने यात सरळ मार्ग काढला, मॉडेल ३ चं छत काचेचं पण कडेच्या पट्टीखाली बारसाठी स्वतंत्र जागा दिल्या आणि ६८ किलोची मर्यादा छापली. असा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये शोधा, आणि लक्षात घ्या की त्यात बार आणि त्यावर बसवायच्या सामानाच्या बॉक्सचं वजनही धरलेलं असतं. ५० किलोची मर्यादा असेल, बार पाच किलोचे आणि बॉक्स पंधराचा असेल, तर सामानाला उरतात ३० किलो, म्हणजे कपड्यांच्या दोन बॅगा, तांदळाचं पोतं नाही.