दोन पुरुष, एक यान आणि सुखाचा शेवट

विज्ञानकथेने काळप्रवास पचवला, बोलणारे यंत्रमानव पचवले, परग्रहावरच्या राण्यांशी पृथ्वीवरच्या नायकांची लग्नंही लावून दिली. दोन पुरुषांचं प्रेम मात्र तिला फार उशिरा पचलं. आज अंतराळात घडणाऱ्या गे प्रेमकथांचा स्वतंत्र वाचकवर्ग आहे. तो तयार करण्यात प्रकाशकांपेक्षा वाचकांचा वाटा मोठा आहे.

सुरुवातीचा ठळक टप्पा म्हणजे जून १९५३ मध्ये एका अमेरिकी मासिकात छापलेली कथा. परग्रहावरचं एक जोडपं पृथ्वीवर आश्रयाला येतं आणि सगळं जग त्यांच्या प्रेमाच्या प्रेमात पडतं. त्यांचा ग्रह मात्र त्यांना गुन्हेगार म्हणून परत मागतो. त्यांना पोचवायला निघालेल्या यानात कप्तान आणि त्याचा सहकारी, एवढे दोघेच. सहकारी त्या जोडप्याला निसटू देतो. ते दोघंही नर होते हे कळल्यावर कप्तानाला किळस येते आणि सहकारी गप्प राहतो, कारण त्याचं स्वतःचं मन वर्षानुवर्षं याच कप्तानावर जडलेलं असतं. त्या काळी हे छापून आलं हेच मोठं धाडस. पण प्रेम शेवटपर्यंत न बोललेलंच राहिलं.

पुढची तीस वर्षं थोड्याफार फरकाने हेच झालं. १९८४ च्या एका कादंबरीत तर दोन पुरुष एकमेकांना किती नेमके साजेसे आहेत हे दशांश चिन्हानंतरच्या कितीतरी अंकांपर्यंत मोजलेलं आहे, आणि तरी त्यांची ताटातूट होते. पुढचा भाग येणार होता, तो कधी पूर्ण झाला नाही. साहित्य म्हणून ही पुस्तकं थोर आहेत. पण प्रेमकथा वाचणाऱ्याला शेवटी दोघं एकत्र हवे असतात, आणि ते त्याला इथे मिळत नव्हतं.

ते दिलं हौशी लेखिकांनी. १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत 'स्टार ट्रेक' मालिका चालली. तिच्या १९६७ मधल्या एका भागात व्हल्कन या परग्रहवासी लोकांचं एक गुपित बाहेर येतं: दर सात वर्षांनी त्यांना जोडीदाराची अशी अनावर ओढ लागते की तो मिळाला नाही तर मरण ठरलेलं. पुढे याच धाग्यावर शेकडो कथा विणल्या गेल्या. निर्जन ग्रह, यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा व्हल्कन सहकारी स्पॉक दोघेच, आणि स्पॉकची सात वर्षं भरलेली. १९७४ मध्ये एका अमेरिकी हौशी पत्रिकेत या जोडीवरची पहिली प्रेमकथा छापली गेली. ऑस्ट्रेलियातल्या लेखिकेने लिहिलेला तो छोटासा तुकडा होता आणि त्यात कुणाचं नावसुद्धा नव्हतं. वाचणाऱ्यांना मात्र बरोबर कळलं. सायक्लोस्टाइलवर काढलेले असे अंक टपालाने जात. मागवताना आपण सज्ञान असल्याचं लेखी द्यावं लागे, आणि संमेलनांत हे अंक टेबलावर न मांडता टेबलाखालून विकले जात. दोन नावांमधल्या तिरप्या रेघेवरून या लेखनाला 'स्लॅश' म्हणू लागले.

इंटरनेट आल्यावर हा सगळा व्यवहार तिथे गेला, आणि तिथेही त्याला हक्काची जागा नव्हती. फॅनफिक्शनच्या, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर लिहिलेल्या कथांच्या, एका मोठ्या संकेतस्थळाने २००२ मध्ये प्रौढांसाठीच्या कथांवर बंदी घातली. मे २००७ मध्ये एका ब्लॉग कंपनीने एका फटक्यात शेकडो खाती बंद केली, त्यांत फॅनफिक्शनची बरीच होती. तेव्हा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी वर्गणी काढून स्वतःचं ना-नफा संग्रहस्थळ उभारलं. नोव्हेंबर २००९ मध्ये ते सर्वांना खुलं झालं.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या छोट्या ई-बुक प्रकाशकांना एक गोष्ट उमगली होती. पुस्तकाच्या दुकानात या कादंबऱ्यांना मांडणी मिळत नव्हती, आणि ई-बुकला मांडणी लागतच नाही. स्लॅश लिहिलेल्या अनेकजणी इथे स्वतंत्र कादंबऱ्या घेऊन आल्या. अंतराळाची पार्श्वभूमी त्यांना सोयीची पडली, कारण पुरुषांच्या लग्नाचं कुणालाच आश्चर्य वाटत नाही असा समाज तिथे पहिल्या पानापासून मांडता येतो.

मग आलं २००९. हे वर्ष समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. मार्चअखेरीस न्यूयॉर्कमधलं, १९६७ पासून चाललेलं समलिंगी साहित्याचं दुकान बंद झालं. एप्रिलमध्ये सर्वांत मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याकडे हजारो पुस्तकांचा विक्री-क्रमांक अचानक गायब झाला, त्यामुळे ती शोधातही सापडेनात. समलिंगी विषयांवरची असंख्य पुस्तकं त्यात अडकली. कंपनीने वर्गीकरणातली चूक म्हणून खुलासा केला आणि आकडा दिला ५७,३१०. सप्टेंबरमध्ये समलिंगी साहित्याला पुरस्कार देणाऱ्या अमेरिकेतल्या प्रमुख संस्थेने जाहीर केलं की यापुढे पुरस्कारासाठी लेखक स्वतः समलिंगी, उभयलिंगी (स्त्री आणि पुरुष दोघांकडेही ओढा असलेला) किंवा ट्रान्स असला पाहिजे.

या निर्णयाचा रोख कुणाकडे आहे हे सगळ्यांना कळलं. पुरुषांच्या प्रेमकथा लिहिणाऱ्या बहुसंख्य बायका, आणि त्यांतल्या कित्येक विवाहित, मुलाबाळांच्या. संस्थेची बाजू हलक्यात घेण्यासारखी नव्हती. पुरस्कार सुरू झाले १९८९ मध्ये, एड्सने लेखकांची एक पिढी हिरावून नेली त्या काळात. दुकानं बंद पडत होती, मोठे प्रकाशक गे लेखकांची पुस्तकं नाकारत होते. अशा वेळी आमचं उरलंसुरलं व्यासपीठही इतरांना का द्यावं, हा प्रश्न वेदनेतून आलेला होता. या कादंबऱ्यांतले पुरुष बायकांच्या कल्पनेतले आहेत, आमच्या आयुष्याचा त्यांत मागमूस नाही, असंही काही गे वाचक म्हणत. काही पुस्तकांबाबत ते खरंच होतं.

तरी माझ्या मते निर्णय चुकीचा होता. अट पुस्तकाला असावी, माणसाला नव्हे. टोपणनावाने लिहिणाऱ्याने, घरी अजून काही न सांगितलेल्याने काय करायचं? नवऱ्यासोबत संसार करणाऱ्या उभयलिंगी लेखिकेने आपली ओळख कुणापुढे सिद्ध करायची? लोकांना मोकळेपणाने जगता यावं म्हणून दिला जाणारा पुरस्कार त्यांच्याकडून आधी कबुलीजबाब मागू लागला. दोन वर्षं वाद धुमसला. २०११ मध्ये संस्थेने धोरण बदललं: मोजके सन्मान समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्स लेखकांसाठी राखीव, बाकी विभाग सर्वांना खुले. आधीच तसं केलं असतं तर बरीच मनं दुखावली नसती.

त्याच २००९ मध्ये, २ जुलैला, दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला स्वतःचाच निकाल रद्द केला. मधल्या काळात, २०१२ मध्ये, भारतात रुपयांत ई-बुकं मिळू लागली होती. दोन खोल्यांच्या घरात, आईवडिलांशेजारी झोपून वाचणाऱ्यासाठी फोनच्या पडद्याला मुखपृष्ठ नसतं ही फार मोठी सोय होती. मराठीत विज्ञानकथा शंभर वर्षांहून जुनी आहे. एकाच पुरुष भाडेकरूवर जीव जडलेल्या भावाबहिणीची मराठी कादंबरीही २००६ मध्ये आली. पण या दोन्ही वाटा अजून समांतरच चालल्या आहेत, आणि अंतराळातल्या गे प्रेमकथा मराठी माणूस मुख्यतः इंग्रजीतूनच वाचतो.

२०१९ मध्ये वाचकांच्या त्या संग्रहस्थळाला विज्ञानकथेतला सर्वांत मानाचा पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथेच आधी प्रसिद्ध झालेली एक कादंबरी, नव्याने लिहून, एका मोठ्या विज्ञानकथा प्रकाशनाने काढली. दोन जगांमधला तह टिकावा म्हणून घाईघाईने लावलेल्या दोन पुरुषांच्या लग्नाची ती गोष्ट. नवरा पुरुष आणि त्याचा जोडीदारही पुरुष, याबद्दल पुस्तकात कुणी चकार शब्द काढत नाही. भांडण आहे ते तहाच्या अटींचं, आणि त्यांतल्या एकाचा महिन्यापूर्वी गेलेला पहिला नवरा अपघातात गेला की त्याचा खून झाला, याचं.