देवळातला पुजारी आणि घरी येणारा पुरोहित

खान्देशात देवळात आरती करणाऱ्याला ‘महाराज’ म्हणतात आणि लग्न लावायला येणाऱ्यालाही ‘महाराज’च म्हणतात. त्यामुळे मुलाने हा मार्ग धरावा असे वाटणाऱ्या कितीतरी आईवडिलांच्या मनात ही दोन कामे एकच असतात आणि चौकशीही एकाच प्रकारची होते. पुजारी देवाशी आणि जागेशी बांधलेला असतो, पुरोहित यजमानाशी आणि विधीशी. शिक्षण किती लागेल, पैसा कोणाकडून येईल, हक्क कशावर राहील आणि वर्षातले कोणते महिने मोकळे जातील, हे सगळे या एका भेदावर ठरते.

पद्मालयाच्या गणपतीची किंवा चाळीसगावजवळच्या पाटणादेवीची नित्यपूजा भाविक आले म्हणून होत नाही आणि आले नाहीत म्हणून थांबतही नाही. पहाटेचे स्नान, वस्त्र, नैवेद्य, सायंकाळची आरती हा क्रम देवासाठी चालतो आणि त्याची जबाबदारी पुजाऱ्यावर असते. त्याला लग्नकार्यासाठी चार दिवस परगावी जायचे असले किंवा घरात सुतक आले, तर आधी बदली माणूस शोधावा लागतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते तेव्हा सगळा पंचक्रोशीचा लोंढा देवळाकडे येतो आणि त्या दिवसांत पुजाऱ्याला क्षणाचीही उसंत नसते. या कामाला लागणारे मंत्र थोडे असतात, पण नेम अखंड लागतो. महादेवाच्या अनेक देवळांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या गुरव घराण्यांकडे आहे, आणि बेल वाहण्यापासून गाभारा धुण्यापर्यंतचे शिक्षण तिथे वडिलांच्या हाताखालीच होते.

पुरोहिताचे काम संकल्पापासून सुरू होते. यजमानाचे नाव, गोत्र, तिथी आणि स्थळ उच्चारून तो त्या कुटुंबाच्या वतीने विधी चालवतो. निमंत्रणच नसेल तर त्याला कामही नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की ती थांबते. श्रावणात सत्यनारायण आणि रुद्राभिषेक असतात, गणेश चतुर्थीला एकाच सकाळी अनेक घरांतली प्राणप्रतिष्ठा उरकावी लागते आणि पितृपंधरवड्यात श्राद्धे येतात. (खान्देशातला सर्वांत मोठा घरगुती उत्सव, कानबाई, मात्र बहुतेक घरांत कुटुंबातलीच माणसे पार पाडतात, तिथे रोटाचा नैवेद्य आणि घरचा रिवाज यांना मान असतो.)

पुरोहिताच्या पेशाला लागणारे शिक्षण खरोखर मोठे आहे, आणि घरच्यांनी सर्वांत कमी विचार केलेली बाब तीच असते. आपल्या भागात शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेची परंपरा आहे. तिच्या स्वरांसह संहिता, म्हणजे वेदाचा मूळ मंत्रभाग, पाठ करायची, त्यावर पुण्याहवाचन, नवग्रहपूजन, विवाह, वास्तुशांती आणि अंत्येष्टी यांचे प्रयोग, म्हणजे विधी चालवण्याची पद्धत, शिकायचे आणि पंचांग वाचता येण्याइतके ज्योतिष अंगी आणायचे, यात मुलाची उमेदीची वर्षे जातात. उज्जैनच्या महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठानाशी जोडलेल्या पाठशाळांत हे शिक्षण मिळते आणि त्यांतील वेदभूषण व वेदविभूषण या परीक्षा अनुक्रमे दहावी व बारावीच्या समकक्ष मानल्या जातात. मुलाला पाठशाळेत घालताना तिची मान्यता तपासावी असे मी आग्रहाने सांगतो, कारण पुढे त्याला महाविद्यालयात जावेसे वाटले तर हेच प्रमाणपत्र कामी येते.

पुजारी आणि पुरोहित एकाच आवारात भेटतात तेव्हा गोंधळ वाढतो. अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात मंगळवारी भाविकांच्या नावाने अभिषेक होतात; ते देवळात होत असले तरी स्वरूपाने पौरोहित्यच आहे, कारण तिथे यजमान आहे आणि संकल्प आहे. प्रकाशे येथे तापीकाठी अस्थिविसर्जनाचे विधी चालवणारे गुरुजी आणि केदारेश्वराची पूजा करणारा पुजारी यांचाही असाच भेद करावा लागतो.

पैशाच्या बाबतीत हा भेद कायद्यापर्यंत जातो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या देवस्थानात पुजारी विश्वस्तांच्या अधिकाराखाली काम करतो. पूजा हे धार्मिक कार्य असले तरी पुजाऱ्याची नेमणूक हे लौकिक कृत्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तामिळनाडूतील एका प्रकरणात सांगितले. देवस्थानच्या जमिनीचा मालक देव आहे आणि पुजारी केवळ त्याच्या वतीने व्यवस्था पाहतो, असे मध्य प्रदेशातील प्रकरणात २०२१ साली ठरले. म्हणून तोंडी शब्दावर गाभाऱ्यात उभे राहू नये. मानधन, दक्षिणेतला वाटा, राहण्याची खोली आणि बदलीची सोय लेखी घ्यावी. आयुष्यभर देवाची सेवा केलेल्या माणसाला म्हातारपणी खोली रिकामी करायला सांगितली जाते, हा अन्याय विश्वस्तांनी स्वतःहून थांबवला पाहिजे.

पुरोहिताची कमाई दक्षिणेची असते आणि तिच्यावर कोणाचाच अंकुश किंवा आधार नसतो. धार्मिक विधी करून देण्याच्या सेवेवर वस्तू व सेवा कर नाही, मात्र प्राप्तिकर लागू होतो, त्यामुळे हिशेबाची वही ठेवणे हिताचे असते. विवाह नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्याची सही लागते, त्यामुळे वधूवरांच्या वयाची खात्री केल्याशिवाय बोहल्याजवळ बसू नये.

तालुक्याच्या गावी एकच माणूस सकाळी अल्प मानधनावर देऊळ सांभाळतो आणि दिवसभर यजमानांकडे जातो. ही सांगड वाईट नाही, फक्त लग्नसराईत देवाची पूजा उशिरा होते आणि ते विश्वस्तांशी आधी बोललेले बरे.

प्रवेश कोणाला, या प्रश्नाचे उत्तरही दोन ठिकाणी वेगळे मिळते. पंढरपूरच्या मंदिरातील वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने रद्द झाले, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो वाद संपला आणि त्यानंतर मंदिर समितीने स्त्रियांसह सर्व जातींच्या उमेदवारांचे अर्ज मागवले. म्हणजे तिथे दार समितीच्या निर्णयाने उघडले. पौरोहित्यात असा निर्णय कोणत्याही समितीकडे नसतो. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत स्त्रियांना पौरोहित्याचे प्रशिक्षण दिले जाते, पण धुळ्यातल्या किंवा जळगावातल्या घरी वास्तुशांतीला त्यांना बोलवायचे की नाही, हे त्या घरचा यजमानच ठरवतो.