उठवणे ते उठू देणे : ज्येष्ठांच्या स्वास्थ्यासाठी काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

वयस्कर व्यक्तीला खुर्चीतून उठायला मदत करण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत मदतनीस समोर उभा राहतो, दोन्ही हात धरतो आणि ओढतो. काम दोन-तीन सेकंदांत उरकते. दुसऱ्या रीतीत तो बाजूला उभा राहतो, त्या व्यक्तीला खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकायला, पावले किंचित मागे घ्यायला आणि कमरेतून पुढे झुकायला सांगतो आणि मग थांबतो. यात वेळ जातो, कधी पहिला प्रयत्न फसतोही. पण उभे राहण्याचे काम त्या व्यक्तीच्या स्वतःच्या मांड्या करतात. आज या क्षेत्रातील प्रशिक्षणात दुसरी रीत शिकवली जाते. ती मुद्दाम शिकवावी लागते, हे ध्यानात यायला मात्र विसाव्या शतकाचा बराचसा काळ गेला. वयाच्या माथी मारलेला दुबळेपणा पुष्कळदा अंथरुणात पडून राहिल्याने, सराव सुटल्याने किंवा दुर्लक्षामुळे आलेला असतो, हे या काळात पुनःपुन्हा सिद्ध झाले. आणि दर वेळी ते ज्ञान दिवसातले सर्वाधिक तास ज्येष्ठांसोबत घालवणाऱ्या परिचारक-मदतनिसांपर्यंत सर्वांत उशिरा पोहोचले.

वार्धक्याच्या अभ्यासासाठी ‘जेरोन्टॉलॉजी’ हा शब्द एली मेचनिकॉफ यांनी 1903 मध्ये रूढ केला, तर वृद्धांच्या वैद्यकासाठी ‘जेरिअ‍ॅट्रिक्स’ हा शब्द न्यूयॉर्कमधील डॉक्टर इग्नात्झ नाशर यांनी 1909 मध्ये सुचवला. बालरोगांसाठी जशी स्वतंत्र शाखा आहे तशी म्हातारपणासाठीही असावी, असा नाशर यांचा आग्रह होता आणि 1914 मध्ये त्यांनी त्यावर पाठ्यपुस्तकही लिहिले. शाखेला नाव मिळाले तरी प्रत्यक्ष सेवेत त्यामुळे फारसा फरक पडला नाही. वृद्ध रुग्ण हा बरा होणारा रुग्ण नव्हे, ही समजूत डॉक्टरांपासून वॉर्डातील मदतनिसांपर्यंत सर्वत्र पक्की होती, आणि जिथे सुधारणेची अपेक्षाच नाही तिथे कोणाला काही शिकवण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

ही समजूत कामातून मोडून दाखवली ती ब्रिटिश डॉक्टर मार्जरी वॉरेन यांनी. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे 1935 मध्ये शेजारच्या ‘वर्कहाउस’चा, म्हणजे निराधार गरिबांना ठेवण्याच्या संस्थेचा, रुग्णविभाग सोपवण्यात आला आणि तिथल्या सातशेहून अधिक रुग्णांची जबाबदारी वॉरेन यांच्यावर आली. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या या माणसांवर ‘असाध्य’ असा एकच शिक्का बसला होता. वॉरेन यांनी प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी केली, आजारानुसार व क्षमतेनुसार त्यांची विभागणी केली, वॉर्ड उजळ करून घेतले आणि रुग्णांना उठवून बसवायला, चालवायला सुरुवात केली. अनेक जण चालू लागले, काही घरी गेले. आपल्या पद्धतीविषयी त्यांनी 1943 पासून वैद्यकीय नियतकालिकांतून लिहिले. माझ्या मते त्यांच्या कार्यातील सर्वांत मोलाचा भाग हा की उपचाराचे केंद्र त्यांनी डॉक्टरांच्या फेरीतून काढून दिवसभराच्या हालचालीत आणले. दिवसभराची हालचाल डॉक्टर करून घेत नाही. ती परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि मदतनीस करून घेतात. म्हणजे ही पद्धत टिकवायची तर या सर्वांना वेगळे काही शिकवणे अटळ होते. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी 1947 मध्ये अंथरुणात पडून राहण्याचे धोके अवयवागणिक मांडले, तेव्हा ‘विश्रांती’ नावाच्या सर्वमान्य उपचाराकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

यानंतर व्यावसायिक संघटना उभ्या राहिल्या आणि 1965 मध्ये ग्लासगो विद्यापीठात फर्ग्युसन अँडरसन यांच्या रूपाने वृद्धवैद्यकाचे पहिले प्राध्यापकपदही आले. शुश्रूषेच्या बाजूने डोरीन नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे 1962 चे संशोधन निर्णायक ठरले. शय्याव्रण, म्हणजे अंथरुणात पडून राहिल्याने होणारी जखम, कोणाला होण्याचा संभव अधिक आहे हे शारीरिक स्थिती, मनःस्थिती, हालचाल, फिरण्याची क्षमता आणि मलमूत्रावरील नियंत्रण या पाच निकषांवर गुण देऊन ठरवणारी त्यांची मोजपट्टी ‘नॉर्टन स्केल’ म्हणून ओळखली जाते. त्याआधी हे ज्ञान अनुभवी परिचारिकेच्या नजरेत असे आणि ती निवृत्त झाली की तिच्याबरोबर जात असे. मोजपट्टीमुळे ते नवख्या परिचारिकेलाही शिकता येऊ लागले.

‘वेलनेस’ किंवा स्वास्थ्य ही कल्पना मात्र रुग्णालयाबाहेरून आली. अमेरिकी डॉक्टर हॅल्बर्ट डन यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस असे मांडले की आरोग्य म्हणजे नुसता आजाराचा अभाव नसून आपल्या क्षमतांचा पुरेपूर वापर करत जगणे होय. बिल हेटलर यांनी 1976 मध्ये शारीरिक, भावनिक, बौद्धिक, सामाजिक, आध्यात्मिक आणि व्यावसायिक असे स्वास्थ्याचे सहा पैलू सांगितले. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा वृद्धनिवासातील प्रयोग प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील रहिवाशांना आपले निर्णय आपण घ्यायचे आहेत, असे सांगून सांभाळण्यासाठी एकेक रोपटे निवडू दिले. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, परंतु त्यांना पाणी घालण्याचे काम कर्मचारी करतील असे सांगितले. पहिल्या गटातील माणसे अधिक सजग आणि उत्साही दिसली. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने यातला धडा अवघड आहे, कारण दुसऱ्या मजल्यावरही कोणी निष्काळजी नव्हते. तिथे काळजी होती, पण ती रहिवाशांच्या वाट्याचे कामही उचलून घेत होती.

व्यायामाच्या बाबतीत असाच धक्का 1990 मध्ये बसला. मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातील सरासरी 90 वर्षे वयाच्या 10 अशक्त व्यक्तींकडून 8 आठवडे वजनांचा खडतर व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली आणि दोघांची चालतानाची काठी सुटली. याच अभ्यासातील एक निष्कर्ष कमी सांगितला जातो : व्यायाम थांबल्यावर चारच आठवड्यांत ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटली. संशोधक आले, त्यांनी व्यायाम घेतला आणि ते निघून गेले, एवढ्याने काही टिकत नाही. व्यायाम घेऊ शकणारा माणूस रोज तिथेच असावा लागतो. तरुणांना व्यायाम शिकवण्यासाठी तयार झालेल्या प्रशिक्षकांना रक्तदाब, ठिसूळ हाडे, तोल आणि औषधांचे परिणाम शिकवणारे खास अभ्यासक्रम पुढच्या काळात वाढले, त्यामागे हीच गरज होती. रॉबर्टा रिक्ली आणि जेसी जोन्स यांनी ज्येष्ठांसाठी विकसित केलेल्या चाचण्यांत, 30 सेकंदांत हातांचा आधार न घेता खुर्चीतून किती वेळा उठता येते हे मोजणारी चाचणी आहे. प्रशिक्षक, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट या तिघांनाही कळेल अशी भाषा त्यातून मिळाली.

कायदा मात्र सावकाश आला. अमेरिकेत 1987 च्या सुधारणा कायद्याने वृद्धनिवासांतील परिचारक-मदतनिसांसाठी किमान 75 तासांचे प्रशिक्षण आणि पुढे दरवर्षी किमान 12 तासांचे सेवांतर्गत, म्हणजे नोकरीत असताना घ्यायचे, प्रशिक्षण बंधनकारक केले. त्यापूर्वी देशपातळीवर अशी अटच नव्हती. सर्वांत जवळून स्पर्श करणाऱ्या हातांना काही तरी आलेच पाहिजे, हे त्या कायद्याने मान्य केले. परंतु 12 तास म्हणजे महिन्याला एक तास, आणि त्या एका तासात संसर्गप्रतिबंधापासून स्मृतिभ्रंशापर्यंत सारे बसवायचे. प्राथमिक प्रशिक्षण किमान 120 तासांचे करावे, अशी शिफारस तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2008 मध्ये केली, तरी 75 तासांची देशव्यापी किमान मर्यादा तशीच राहिली.

ज्ञान योग्य हातांत दिले तर काय होते, याचे उत्तम उदाहरण न्यूझीलंडमधील ‘ओटागो’ कार्यक्रमाचे आहे. घरी करायचे पायांच्या ताकदीचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम आणि चालणे असे त्याचे स्वरूप आहे. सुरुवातीला तो फिजिओथेरपिस्ट राबवत असत. त्यानंतरच्या एका चाचणीत हेच काम प्रशिक्षण दिलेल्या परिचारिकेकडे सोपवले गेले. पूर्वी व्यायामाचे प्रशिक्षण नसलेल्या या परिचारिकेला फिजिओथेरपिस्टने शिकवले आणि पुढेही तिच्या कामावर देखरेख ठेवली. ही चाचणी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा 75 वर्षांवरील सहभागींमध्ये पडण्याचे प्रमाण 46 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. व्याख्यान ऐकवून सोडून न देता शिकवणाऱ्याने नंतरही सोबत राहणे, ही या यशामागची बाब मला फार महत्त्वाची वाटते. सेवांतर्गत प्रशिक्षणाच्या नावाखाली सभागृहात बसवून सह्या घेणाऱ्या संस्था आजही कमी नाहीत.

स्मृतिभ्रंशाच्या क्षेत्रात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी 1990 च्या दशकात आणखी एक पदर जोडला. माणसाची अवस्था मेंदूतील बिघाडावरच अवलंबून नसते, त्याच्याशी बोलण्या-वागण्याच्या रीतीनेही ती खालावते किंवा सावरते, असे त्यांनी दाखवले. त्यांच्या सहकाऱ्यांसह विकसित झालेल्या निरीक्षणपद्धतीत निरीक्षक तासन्‌तास एका कोपऱ्यात बसून दर पाच मिनिटांनी नोंद करतो : ही व्यक्ती काय करत आहे, कशी दिसत आहे, तिच्याशी कोणी बोलले का. नंतर त्या नोंदी कर्मचाऱ्यांसमोर ठेवल्या जातात. घास भरवताना आपण शेजारच्या सहकाऱ्याशीच बोलत होतो, हे मदतनिसाला अशा नोंदीतून उमगते.

संयुक्त राष्ट्रांनी 2021 ते 2030 हे दशक ‘निरोगी वार्धक्याचे दशक’ म्हणून जाहीर केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच प्राथमिक आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांसाठी हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण, स्मरणशक्ती आणि मनःस्थिती तपासण्याची मार्गदर्शिका तयार केली होती. तिची मांडणी रोगांच्या यादीवर नव्हे, तर व्यक्तीच्या क्षमतांवर आधारलेली आहे, आणि हालचालीच्या प्राथमिक तपासणीत विचारलेली गोष्ट एवढीच आहे : हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायचे, 14 सेकंदांच्या आत.