मै मुखवटा

पापुआ न्यू गिनीतील सेपिक नदीच्या मधल्या खोऱ्यात राहणाऱ्या इआत्मुल लोकांचा कोरीव लाकडी मुखवटा. ‘म्वाय’ असाही उच्चार आढळतो. संग्रहालयांत त्याला बहुधा ‘पूर्वज-मुखवटा’ म्हणतात. हे नाव सैल अर्थानेच घ्यावे लागते. त्यात कोणा आजोबा-पणजोबांचा चेहरा नसतो. कुळाच्या आरंभकथेतील भावंडे, सामान्यतः दोन भाऊ व दोन बहिणी, त्यातून प्रकट होतात. प्रत्येकाला स्वतःचे नाव असते आणि अशी नावे कुळाची मालमत्ता मानली जातात.

मुखवटा एकाच ओंडक्यातून उभट, अरुंद कोरतात आणि मागून पोकळ करतात. कडेने भोके पाडून त्यांतून बांधणीची दोरी व झालरीचे धागे ओवतात. दर्शनी भागावर मातीचा लेप देऊन तो ओला असतानाच कवड्या व लहान शिंपले दाबून बसवतात. लेप सुकल्यावर शिंपला धरत नाही. शिवाय पांढरा, तांबडा व काळा रंग, डुकराचे सुळे, केस आणि कॅसोवरी पक्ष्याची पिसे वापरतात.

नाक तोंडावरून खाली हनुवटीपर्यंत वा त्याहीपलीकडे उतरते. त्याच्या टोकाशी पुष्कळदा पक्षी, साप किंवा मगर असते. हा प्राणी कुळाशी निगडित असतो. या लांब भागाला काहींनी जीभ मानले, तर काहींनी लिंगाचे प्रतीक. नाकपुड्यांपासून तो सलग उतरतो आणि अनेक नमुन्यांत तोंड त्यामागे वेगळे कोरलेले दिसते. त्यामुळे तो नाकच मानणे अधिक सयुक्तिक वाटते. इआत्मुलांमध्ये लांब नाक हे सौंदर्याचे लक्षण असल्याची नोंद मानवशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांनी केली आहे. प्रतीकात्मक अर्थ त्याने बाद होत नाही, मात्र तो नंतरचा.

लाकडी चेहरा हा मूळ वस्तूचा एक भागच होय. तो वेताच्या शंकूसारख्या सांगाड्यावर बांधतात आणि सांगाडा पाने, फुले व पिसांनी मढवतात. नाचणारा पुरुष आत असतो; बांबूच्या नळीतून बोलल्याने त्याचा आवाज ओळखू येत नाही. मुखवटे जोडीने नाचतात. सांगाडा अवजड आणि नाशवंत असल्याने संग्राहकांनी बहुतेक वेळा फक्त चेहरा उचलला.

कालनिर्णय सावधपणेच करावा लागतो. लोखंडी हत्यारे जर्मन अमलात (१८८४–१९१४) पसरू लागली. पण जुन्या घाटाचे मुखवटे लोखंडानेही कोरले जात, म्हणून केवळ हत्याराच्या खुणा पुरेशा नाहीत. १९१२–१३ मध्ये सेपिक खोऱ्यात गेलेल्या जर्मन मोहिमेने गोळा केलेल्या नमुन्यांबाबत ते त्यापूर्वीचे आहेत एवढेच निश्चित म्हणता येते. पर्यटकांसाठीच्या प्रतींवर बुटाचे पॉलिश चोळून जुनेपणा आणलेला आढळतो. अस्सल वापराच्या खुणा शोधायच्या त्या आतल्या बाजूला, दोरीने घासलेल्या भोकांच्या कडांवर.

कोरड्या हवेत लाकूड आकसते, लेप आकसत नाही; परिणामी लेपाला तडे जाऊन शिंपले गळतात. गळालेल्या शिंपल्याचा ठसा लेपात राहतो, तो बुजवू नये.